पहिल्या दिवसाचा गुडघा

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू पहिल्याच दिवशी पास केली. ती त्यांच्या स्वतःच्या उजव्या पायात बसवलेली होती. वस्तू उत्तम निघाली. निकाल मात्र चुकला.

बेंगळुरूच्या बसवनगुडीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो. त्यांना मी अण्णा म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला अक्का. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर यांचे पूर्वज इकडे आले. फौज गेली, हे राहिले. त्यांची मराठी माळ्यावरच्या पितळी पातेल्यासारखी होती, जुनी, वजनदार आणि आतून कन्नडची कल्हई केलेली. 'अस्कं' म्हणजे 'सगळं' हे कळायला मला महिना लागला. तोवर अक्का "अस्कं खा रे" म्हणाल्या की ताटात अस्कं नावाचा पदार्थ कुठला, ते मी शोधत बसायचो.

अण्णा यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेला माल मोजायचा आणि परत पाठवायचा. निवृत्त होऊन जमाना झाला तरी त्यांच्या शर्टाच्या खिशातून मापं घ्यायच्या व्हर्नियर कॅलिपरचं तोंड बाहेर डोकावत असायचं. मी घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, स्वयंपाकात काय काय शिजवणार तेही विचारलं नाही. म्हणाले, "दार लाव."

मी लावलं.

"उघड. परत लाव."

परत लावलं.

"आपटतोस," ते म्हणाले. "पण बिजागरीकडे बघतोस. ठीक. ट्रायलवर राहा."

त्या घरातून मी सामान हलवलं त्या दिवसापर्यंत ट्रायलवरच होतो. अर्थात एकटा नव्हतो. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती, जावई म्हैसूरला बँकेत मॅनेजर झाला होता. "जावई काय म्हणतात अण्णा?" असं विचारलं की उत्तर यायचं, "अजून तक्रार नाही. बघू."

पहिल्या दिवाळीला मी मोठ्या अभिमानाने पुण्याहून बाकरवडी आणून दिली. त्यांनी दोन उचलल्या, खिशातलं व्हर्नियर काढलं आणि मोजल्या.

"दोन्हीत फरक आहे."

"अण्णा, हाताने वळलेल्या असतात त्या."

"मग हात तपासायला हवेत."

आणि नापास माल बाजारात जाऊ नये म्हणून अख्खा पुडा त्यांनी एकट्याने संपवला. मी पुण्याची बाजू मांडत उभा होतो तोवर तळाशी तीळ उरले होते.

पण एक होतं. अण्णांनी एखादी गोष्ट बरी म्हटली तर ती बरी असायचीच. गल्लीतले लोक जुनी स्कूटर घेण्याआधी, पाण्याची टाकी बसवण्याआधी, एकदा तर मुलाचा प्लास्टर काढल्यावर हात सरळ आलाय का ते दाखवायला त्यांच्याकडे येत. ते नाकावर चष्मा ओढून बघत. "चालेल" म्हणाले की माणूस निर्धास्त होऊन घरी जायचा.

अक्का अंगाने लहान आणि आवाजाने मोठ्या. गच्चीवर सांडगे, ताकातल्या मिरच्या वाळत घालायला पूर्वी त्या स्वतः वर यायच्या, माझ्या खोलीत डोकावून पसाऱ्यावर दोन शब्द बोलायच्या. मग गुडघे गेले. मग त्या खालच्या अंगणातून हाक मारायच्या, "ए पुणे! मिरच्या उलट्या कर रे!" मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. एकदा माईक बंद करायला विसरलो आणि चार देशांतल्या माणसांनी त्या मिरच्यांची हाक ऐकली. आमच्या मॅनेजरला वाटलं मीच कुणावर तरी ओरडतोय. तो तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलायला लागला, एवढाच माझ्या नोकरीतला उत्कर्ष.

गुडघे दोघांचेही गेले होते. संध्याकाळी ते दोघं बाजारापर्यंत चालत जात. अण्णा उजवीकडे झुकत, अक्का डावीकडे. मागून बघितलं तर दर पावलाला दोघांची डोकी लांब जायची आणि पुढच्या पावलाला जवळ यायची. भांडण, समेट, भांडण, समेट, असं करत भाजीवाल्यापर्यंत. पुढे पुढे अक्कांना तेवढंही होईना. कार्तिकात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा घरापासून हाकेच्या अंतरावर भरते. अक्का खिडकीत बसून नुसते भोंगे ऐकायच्या. मी शेंगा आणून द्यायचो. त्या चार फोडून बघायच्या आणि म्हणायच्या, "अय्यो, पोकळ. तुला त्यांनी बघूनच दिल्या." ह्या एका बाबतीत माझी निवड खरोखरच चोख होती. पोकळ शेंग मला बरोबर सापडते.

डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं, सांधे बदला. अक्का नको म्हणाल्या. वर्षभर नकोच म्हणत राहिल्या. शेवटी अण्णांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला.

"आधी माझा करू. मी तपासतो. पास झाला तर मग तुझा."

"आणि नापास झाला तर?"

"तर एकच वाया जाईल."

असं ऑपरेशनचं कारण मी आजवर दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. सर्जनकडे गेल्यावर अण्णांनी बसवणार तो गुडघा बघायला मागितला. सर्जनने टेबलावरचा नमुना पुढे केला. अण्णांनी खिशातून व्हर्नियर काढलं. सर्जन हसले. अण्णा हसले नाहीत. बराच वेळ उलटसुलट करून त्यांनी तो परत ठेवला आणि म्हणाले, "कडा बऱ्या घासल्यात." त्या घराण्याच्या इतिहासात लोखंडाला मिळालेली ही सर्वोच्च पदवी असावी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. अक्का घरी होत्या, मुलगी नंतर येणार होती, त्यामुळे नातेवाईक म्हणून मी. मी इंटरनेटवर वाचून तयार होऊन गेलो होतो. माझी वाचनाची एक पद्धत आहे, पहिला परिच्छेद वाचायचा, उरलेलं आयुष्य शिकवतं. मी बाईंना मणक्यातल्या इंजेक्शनबद्दल, त्यात मिसळायच्या मॉर्फीनबद्दल माहिती दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठल्या हॉस्पिटलमध्ये असता तुम्ही?"

"मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"हां," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची अण्णांकडे वळवून कन्नडमध्ये बोलायला लागल्या.

माझं कन्नड तेव्हा 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांच्या मधल्या गल्लीत अडकलेलं होतं. बाई बऱ्याच बोलल्या. हातवारे करून, अण्णांच्या डोळ्यांत बघून, एकदा तर बोट उगारून. त्यात 'नाळे' हा शब्द दोनदा आला. तो मला चांगला ठाऊक होता, कारण आमच्या प्लंबरने तो मला शिकवला होता. नाळे म्हणजे उद्या. मला वाटलं, बाई उद्या पुन्हा येणार असतील.

"काय म्हणाल्या?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"दुखणार नाही म्हणाली."

"एवढंच?"

"कन्नड भाषा जरा लांब असते," अण्णा म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाईंनी मला उगाच बरं वाटावं म्हणून मणक्याचा प्लास्टिकचा नमुना दाखवला, सुई कुठून आत जाते ते. मी "अच्छा" म्हणालो. त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि अण्णा हिरव्या झग्यात माझ्याकडे वाकून बघत होते.

"इंजेक्शन मला," ते नर्सला म्हणाले, "आणि भूल याला. काय व्यवस्था आहे!"

दुपारी त्यांना खोलीत आणलं. हळूहळू पायातला बधिरपणा उतरला, बोटं हलायला लागली. आणि दुखत काहीच नव्हतं. भूल उतरली होती, पण तिच्यात मिसळलेलं थेंबभर मॉर्फीन मणक्यात ठाण मांडून बसलं होतं आणि दुखण्याचा निरोप वर मेंदूपर्यंत जाऊच देत नव्हतं. त्याची किंमत म्हणून अण्णांचं नाक खाजत होतं. खाजवून खाजवून त्यांनी ते टोमॅटोसारखं लाल केलं होतं. एक नर्स वरचेवर येऊन त्यांचे श्वास मोजायची, कारण ह्या औषधाने श्वास कधी कधी मंदावतो. तिने आकडा सांगितला की अण्णा म्हणायचे, "मी पण मोजत होतो. तुझा एक कमी आला." ती बिचारी पुन्हा मोजायची. मोजणारं कुणीतरी सापडल्यामुळे अण्णा त्या दिवशी इतके खूश होते की मला वाटलं, हिला ते कारखान्यात लावून देणार.

संध्याकाळी मी अक्कांना रिक्षाने घेऊन आलो. त्या दारातच थांबल्या.

"दुखतंय?"

अण्णांनी पांघरूण बाजूला केलं आणि पट्ट्या गुंडाळलेला तो पाय, फार नाही, गादीपासून चार बोटं वर उचलला. मग गुडघा थोडा वाकवला. मग पुन्हा सरळ केला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"पास," ते म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मीही हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

"काय म्हणालात?"

"पास. तू पण करून घे."

मी? मी काय करणार, आनंदाने वेडा झालो. त्यांना पाय पुन्हा उचलायला लावला, फोनवर व्हिडिओ घेतला आणि त्यांच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नवा गुडघा, नवी गाडी'. म्हैसूरपासून आनेकलपर्यंतच्या नातेवाइकांनी अंगठे पाठवले. जावयाने तर नाचणारा माणूस पाठवला. त्यामुळे त्याची ट्रायल वाढली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वॉकर धरून दारापर्यंत चालून आले. अक्का खुर्चीत बसून बघत होत्या. सर्जन फेरीला आले तशी त्यांनी पदर सावरून विचारलं, "माझा कधी?" ठरलं, संक्रांतीनंतर. घरी परतताना रिक्षात अक्का सारख्या बोलत होत्या. पुढच्या कार्तिकात शेंगा त्या स्वतः निवडणार होत्या. मला बरोबर नेणार होत्या, पण फक्त पिशवी धरायला.

त्या दुपारी औषध उतरलं.

मी खोलीत गेलो तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. गोळ्या दिल्या होत्या, बर्फ लावला होता, पण दुखणं आता हक्काने आलं होतं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आज तिला आणू नकोस."

"का?"

"ट्रॅफिक आहे सांग."

बेंगळुरूमध्ये ही थाप कुणीही पडताळून बघू शकत नाही. मी तसा फोन केला. अक्का "सरी" म्हणाल्या. मी विसरलो होतो की ज्या बाईला काल एवढा आनंद झाला होता ती आज घरात बसणार नव्हती.

थोड्या वेळाने फिजिओथेरपिस्ट आला. गुडघा आजच वाकवायला हवा, नाहीतर आखडेल, म्हणाला. आधाराला अण्णांनी माझा हात धरला. त्याने पाय वाकवला. अण्णांनी डाव्या हाताने चादरीचं टोक तोंडात कोंबलं आणि उजव्या हाताने माझी बोटं अशी आवळली की त्या खोलीतून दोन किंकाळ्या बाहेर गेल्या. एक चादरीतून गेली. दुसरी, स्वच्छ आणि खणखणीत, ती माझी.

दार उघडलं. अक्का उभ्या होत्या, हातात डबा घेऊन.

अण्णांनी चादर सोडली. घाम पुसला. "ये ये," म्हणाले. "काही नाही. स्वल्प ताण देतायत."

"दुखतंय?"

"नाही."

अक्का जवळ आल्या. चादरीचं ओलं टोक त्यांनी हातात घेतलं. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या.

"खरं सांगा."

"नाही गं. काल बघितलंस ना?"

"दुखतंय का, एवढंच विचारते मी."

"नाही म्हटलं ना!"

"सरी," अक्का म्हणाल्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, मला म्हणाल्या, "त्यांना गरम असताना दे," आणि लंगडत निघून गेल्या.

पंधरा-वीस दिवस अण्णांचे वाईट गेले. मग हळूहळू बरे जायला लागले आणि दोन महिन्यांत तर तो पाय असा झाला की मला हेवा वाटावा. जिना चढून ते वर आले. माझ्या खोलीचं दार त्यांनी स्वतः लावून बघितलं. पण संक्रांत आली आणि गेली. अक्का दवाखान्याचं नाव काढू देईनात.

"बघ, मी चालतो," अण्णा म्हणायचे. अंगणात फेऱ्या मारून दाखवायचे. गुडघा वाकवून दाखवायचे. एकदा तर तुळशीपुढे उठाबशा काढल्या.

"बघते," अक्का म्हणायच्या. "ट्रायलवर आहे."

त्यांच्याच शब्दाने त्यांना मारलेलं बघून मी हसायचो. सुरुवातीला अण्णाही हसायचे. दुसऱ्या वर्षी हसेनासे झाले. संध्याकाळी एकटेच बाजाराला जायचे, सरळ ताठ चालत, आणि लवकर परत यायचे. अक्का आधी वॉकर वापरायला लागल्या. अण्णांचाच होता तो, त्यांना लागत नव्हता म्हणून पडून होता. मग न्हाणीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागायला लागला. एका कार्तिकात, भोंगे वाजत असताना, त्याच म्हणाल्या, "चला. करू या."

मी त्या दोघांना घेऊन गेलो. ह्या खेपेला काही वाचून गेलो नाही. तपासण्या झाल्या आणि अक्कांच्या हृदयाची एक झडप बिघडलेली निघाली. त्याच भूल देणाऱ्या बाई होत्या. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा बघितले, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्या आणि येऊन अण्णांच्या शेजारी बसल्या. तोवर माझं कन्नड बरं झालं होतं. सगळं कळलं. धोका फार आहे, ह्या वयात, ह्या हृदयाला, मी हो म्हणणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"तुमच्याबरोबर केलं असतं तर झालं असतं," त्या हळू म्हणाल्या. "तेव्हा त्या ठीक होत्या."

म्हैसूरहून आलेल्या मुलीजवळ अक्कांना बसवून अण्णा मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. कॉफी आली. त्यांनी ती मोजल्यासारखी बघितली, प्यायले नाहीत.

"तुला आठवतं, ही बाई माझ्या ऑपरेशनच्या आधी काय बोलत होती?"

"दुखणार नाही म्हणाली होती."

"नाळे दुखणार नाही म्हणाली होती. परवा दुखेल. चांगलं दुखेल. बायकोला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरेल, असं पण म्हणाली. बोट दाखवून म्हणाली. मी तुला अर्धंच सांगितलं."

"पण का अण्णा?"

"वर्षभर ती नको म्हणत होती. मला वाटलं, तो एक दिवस आहे. त्या दिवशी बघेल आणि हो म्हणेल. एकदा तारीख पडू दे, मग सांगू सावकाश." त्यांनी कप सरकवला. "कारखान्यात महिनाअखेरीला सुपरवायझर माझ्या मागे लागायचे. सर, खाली ट्रक उभा आहे, सही करा. मी कधी केली नाही. ट्रक दोन दोन दिवस उभे ठेवले मी. आणि घरच्या कामात मला ट्रक दिसला, आणि मी सही केली."

माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक विनोद असतो, बहुतेकदा नको त्या वेळी. तिथे मी शोधला, सापडला नाही. म्हणून मी साखर आणायला उठलो आणि येताना मिठाच्या पुड्या घेऊन आलो.

पुढे माझं लग्न झालं, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, त्याच्यामागे मीही गेलो. मधे मधे भेटायला जायचो. अलीकडे एका रविवारी गेलो तर अण्णा भाजी आणायला बाहेर पडले होते. अक्का स्वयंपाकघरात चाकांच्या खुर्चीत बसून, त्यांच्यासाठी बुटका करून घेतलेल्या कट्ट्यावर, सारू म्हणजे आपलं सार उकळत होत्या.

"तुला पण वाटतं ना," त्या एकदम म्हणाल्या, "मी दुखण्याला भ्याले?"

मी गुळमुळीत काहीतरी बोललो.

"मुलगी घरी झाली माझी. सुईण पोचेपर्यंत एकटी होते मी. दुखण्याचं मला काय सांगतोस?"

"मग अक्का?"

त्यांनी सारूत पळी फिरवली. "लग्न ठरताना माझ्या आईने ह्यांना विचारलं, मुलगी पसंत आहे ना? हे म्हणाले, बघू. आई रडली. बायका मला म्हणायच्या, एवढ्या वर्षांत कशाला चांगलं म्हणत नाही तो माणूस, कशी राहतेस? मला बरं वाटायचं रे. बाकीच्यांचे नवरे अस्कं छान म्हणतात, त्याला काय अर्थ? ह्यांनी बरं म्हटलं की डोळे मिटून पाय टाकायचा. त्या दिवशी हे पास म्हणाले. मी पाय टाकला. आणि दुसऱ्या दिवशी दातांत चादर धरून मला म्हणाले, दुखत नाही. एकदा नाही, तीनदा म्हणाले. मग मी कुणाच्या शब्दावर सुईपुढे पाठ करायची? डॉक्टरच्या? डॉक्टर काय माझा नवरा?"

"हे तुम्ही त्यांना कधी..."

"काय सांगू? खोटं बोलले ते माझ्यासाठीच बोलले. तेवढं कळतं मला. साकू, पुरे. ताटं घे."

अण्णा आले. वांगी टेबलावर ठेवून माझी पाठ थोपटली, मी तब्येतीने छान झालोय म्हणाले. माझा शर्ट छान आहे म्हणाले. आम्ही जेवायला बसलो. अक्कांनी भातावर सारू वाढलं आणि अण्णांनी पहिला घास घेतला.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास झालंय."

"बघितलंस?" अक्का मला म्हणाल्या. "माझ्या वेळी त्या दवाखान्यातून आल्यापासून हे असं. हवा छान, भाजी छान, वर राहतो त्या पोराचं गाणं छान. काल उतू गेलेलं दूध पण छान होतं." त्यांनी पळी पातेल्यात टेकवली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "तू सांग. कसं झालंय?"

मी घास घेतला. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत एवढी विनवणी मी कधी पाहिली नव्हती. आणि मी तर जन्मभर यजमानिणींची तारीफ करून दुसऱ्यांदा वाढून घेत आलेला माणूस.

"अक्का," मी म्हणालो, "मीठ घालायचं राहिलंय."

"हां!" अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, मिठाची बरणी घेतली, आधी माझ्या पानात वाढलं, मग स्वतःच्या. मग अण्णांपुढे चमचा धरून थांबल्या.

"मला नको," अण्णा म्हणाले. "मला असंच चांगलं लागतंय."

अक्कांनी चमचा बरणीत परत ठेवला, आणि अण्णा मान खाली घालून तो अळणी भात शेवटच्या शितापर्यंत जेवत राहिले.